परक्या चुलीवरची फानेस्का

प्रोआन्यो मंडळी पवित्र गुरुवारी बाहेर जेवायला गेली, हे सान हुआन टेकडीवरच्या त्यांच्या जुन्या शेजाऱ्यांना कळलं असतं, तर घरी कुणाचं काय बिघडलंय अशी चौकशी करायला चारजणी तरी आल्या असत्या. आमच्या कीतोत एरवी कुठेही खा, कुणी विचारत नाही. पण फानेस्का, म्हणजे इस्टरच्या आठवड्यातलं बारा धान्यांचं दाट सूप, घरच्या चुलीवरचीच खायची असते. तरीही त्या दुपारी तीन भावंडं आणि विल्फ्रिदोची मुलगी सालोमे, अशी चौघं ला तोलाचा चढ चढून आब्दोनच्या खाणावळीत आली आणि खिडकीजवळच्या टेबलाशी बसली.

तार्हेलियाने कोट काढला नाही.

"काढ ना न्यान्या, आत गरम आहे," विल्फ्रिदो म्हणाला. बहात्तर वर्षांच्या थोरल्या बहिणीला तो अजून लहानपणासारखीच 'न्यान्या' म्हणायचा, आणि लहानपणासारखाच तिला भ्यायचा.

"मी काही इथे राहायला आले नाही. तुम्ही आणलंत म्हणून आले. खाऊन निघू."

खरं कारण तिने सांगितलं नाही. कोटाची बटणं सकाळी शेजारणीकडून लावून घेतली होती. तीन-चार वर्षांपासून बोटांचे सांधे सुजत चालले होते आणि ती दोन्ही हात पर्सखाली ठेवून बसायला शिकली होती. बत्तीस वर्षं शाळेत फळ्यावर लिहिलेल्या बाईला हे कुणाला सांगणं जमत नव्हतं.

जागा लहानशी होती. सहा टेबलं, भिंतीला लागून मक्याच्या वाळक्या कणसांच्या माळा, आणि दाराजवळ एक पाटी. त्या पाटीवर त्या त्या दिवसांत बाजारात जे ताजं येईल तेच लिहिलेलं असायचं. नोव्हेंबरात मृतांच्या दिवसाचं दाट जांभळं पेय, कोलादा, ऑगस्टात कोवळा मका, आणि आता एकच ओळ: फानेस्का, मग गुळातले अंजीर. तार्हेलियाने पाटी वाचली आणि नाक उडवलं.

"खडूचं अक्षर बरं आहे," ती म्हणाली. "बाकी बघू."

धाकटी इपातिया समोर बसली होती. ही जागा तिने शोधली होती, टेबलही तिनेच सांगून ठेवलं होतं, आणि आता ती रुमालाची घडी करत होती, मोडत होती, पुन्हा करत होती. विल्फ्रिदोने ते पाहिलं. हिला काहीतरी सांगायचंय, हे त्याच्या लक्षात आलं, पण त्याने विचारलं नाही. या दोघी बहिणींच्या मध्ये तोंड उघडायचं म्हणजे कुणाच्या तरी बाजूला जावं लागतं. घर विकायच्या वेळी तो थोरलीच्या बाजूला होता, नाताळात धाकटीच्या. या गुरुवारी बाहेर जेवायचं ठरवताना त्याने धाकटीला साथ दिली होती आणि तेवढ्याने त्याची रात्रीची झोप उडाली होती.

पण करणार काय? आई जाऊन चार वर्षं होत आली होती. त्यानंतर तीन वर्षं तार्हेलियाने आईच्याच भांड्यात फानेस्का शिजवली. भोपळा, मका, मटार, घेवडा, मसूर, हाबाचे, म्हणजे मोठ्या वालासारखे, सोललेले दाणे, सगळी बारा धान्यं, दूध, खारवलेला मासा, काही कमी केलं नाही. आणि आईचा नियमही पाळला. फानेस्का एकाच हाताने ढवळायची असते. जिने डाव धरला तिनेच शेवटपर्यंत धरायचा, दुसऱ्याचा हात लागला किंवा कुणी रागावलेलं माणूस भांड्यात डोकावलं, की दूध फाटतं. तिन्ही वर्षं दार बंद करून तिने एकटीने ढवळली, आणि तिन्ही वर्षं फाटली. मागच्या वर्षी ती भांड्यापाशी उभी राहून रडली होती. ते विल्फ्रिदोने दाराच्या फटीतून पाहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

वाडगे आले. पांढऱ्या केसांचा, जाड भुवयांचा एक म्हातारा ते स्वतः घेऊन आला. खाणावळ त्याचीच होती, आणि आजूबाजूच्या टेबलांवरून लोक त्याला 'माएस्त्रो' म्हणून हाक मारत होते. त्याने एकेक वाडगा अलगद ठेवला, "गरम आहे, सांभाळून," म्हणाला आणि आत गेला. वर उकडलेल्या अंड्याच्या फोडी, पिकल्या केळ्याचे तळलेले काप, आणि कणकेच्या छोट्या तळलेल्या गाठी होत्या.

विल्फ्रिदोने पहिला चमचा तोंडात घातला आणि तो चमचा तसाच धरून बसला.

आई. दुसरं काही त्याच्या मनात आलंच नाही. शेंगदाणे जरा जास्तच भाजलेले, शेवटी कुठेतरी संत्र्याच्या पानाचा वास, आणि मासा असा विरलेला की आहे हे फक्त जिभेला कळावं. त्याने हळूच थोरलीकडे पाहिलं. तिचाही चमचा थांबला होता.

"बाबा, रडताय का?" सालोमेने विचारलं.

"तिखट आहे."

"फानेस्का तिखट नसते."

सालोमे ज्वालामुखींवर नजर ठेवणाऱ्या संस्थेत नोकरीला होती. डोंगराच्या पोटात बारीकशी हालचाल झाली तरी ती कुठून आली हे शोधायचं, हाच तिचा धंदा. आजीची फानेस्का तिनेही खाल्ली होती. तिने चमच्याने एक तळलेली गाठ उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"ही बघा. सगळीकडे गोल गोळे तळतात. गाठ फक्त आजी मारायची."

"घरच्यांना एकत्र बांधून ठेवणारी गाठ," विल्फ्रिदो म्हणाला. त्यांची आई सोइलाबाई दरवर्षी जेवणाआधी त्या गाठीवर एक लहानसं प्रवचन द्यायच्या. सगळे भुकेने चुळबुळत, पण ऐकत.

तार्हेलियाने चमचा खाली ठेवला. तिने वळून इपातियाकडे पाहिलं. शाळेत ज्या मुलाच्या दप्तरात हरवलेली पट्टी सापडायची, त्याच्याकडे ती असंच पाहायची.

"तू दिलीस."

"काय?"

"आईची कृती. शेवटची वर्षं तू तिच्या माडीवर राहत होतीस. मला ती दारातही उभी करत नव्हती, तुला सगळं ठाऊक होतं. आणि तू ती या माणसाला दिलीस. मी तीन वर्षं तिकडे भांड्याशी मरतेय, आणि तू परक्याला दिलीस."

"मी नाही दिली, न्यान्या."

"मग ही त्याला स्वप्नात दिसली?"

"इपा, खरं असेल तर सांगून टाक," विल्फ्रिदो म्हणाला. तो थोरलीच्या शेजारी बसला होता, आणि शेजारी बसणाऱ्याची बाजू त्याला नेहमीच जास्त पटायची.

"वा," इपातिया म्हणाली. "काल फोनवर म्हणालास, तिला एकदा तरी सुखाने जेवू दे. आज न्यायाधीश झालास?"

"तुम्ही दोघं काल फोनवर माझ्याबद्दल बोलत होतात?" तार्हेलियाने विचारलं.

विल्फ्रिदोने केळ्याचा काप तोंडात कोंबला, म्हणजे उत्तर द्यायला नको.

इपातियाला हसू यायला लागलं होतं आणि रडूही. तिला सांगायचं होतं, पण तिने शब्द दिला होता. आई गेली त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पवित्र गुरुवारी जेवणाआधी ती गच्चीवर कपडे काढायला गेली, तर मागच्या बोळात टॅक्सी थांबलेली. आई उतरली, आणि तिच्यामागून कापडाने बांधलेलं भलंमोठं भांडं कुणीतरी उतरवलं. आई स्वयंपाकघराच्या मागल्या दाराने आत शिरली. शिरताना तिने वर पाहिलं, लेकीला पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. संध्याकाळी जिन्यात गाठून म्हणाली, "कुणाला सांगायचं नाही. तार्हेलियाला तर मुळीच नाही. शपथ घे." इपातियाने घेतली. तेव्हा तिला त्याची गंमत वाटली होती. त्या दुपारी जेवताना तार्हेलिया म्हणत होती, आईचा हात वय वाढेल तसा खुलतोय, आणि आई मान खाली घालून "देवाची कृपा" म्हणत होती.

आई गेली आणि ती गंमत गंमत राहिली नाही. थोरलीचं भांडं दरवर्षी फाटायला लागलं. बोलायची सोय नव्हती, म्हणून इपातियाने दुसरा मार्ग धरला. दर इस्टरआधी ती एकेका खाणावळीत जाऊन फानेस्का खायची. अर्धं कीतो पालथं घातलं, वजन वाढलं, डॉक्टर रागावले. आणि गेल्या मंगळवारी या टेबलावर तिला ती गाठ दिसली. त्या दिवशी तिला काही विचारायचं सुचलंच नाही. ती पैसे ठेवून बाहेर पडली आणि चढावर कितीतरी वेळ भिंतीला टेकून उभी राहिली.

"न सांगायची शपथ घेतली होती," ती आता म्हणाली. "खायला न्यायची नाही, अशी शपथ घेतली नव्हती."

"कसली शपथ?" तिघांनी एकदम विचारलं.

इपातियाने उत्तर द्यायच्या आधीच सालोमे उठली होती. ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली, आत डोकं घातलं, आणि कुणाशी तरी दोन वाक्यं बोलली. परत आली ती त्या म्हाताऱ्याला बरोबर घेऊनच. तो पुढच्या फडक्याला हात पुसत होता.

"काही कमी पडलं का?" त्याने विचारलं. मग त्याची नजर तार्हेलियावर गेली, तिच्या कपाळावर, हनुवटीवर, आणि हात पुसायचे थांबले. "तुम्ही सोइलाच्या थोरल्या."

वडील गेल्यापासूनच्या चाळीस वर्षांत त्यांच्या आईला नुसतं 'सोइला' म्हणताना कुणी ऐकलं नव्हतं.

"बसा, माएस्त्रो," विल्फ्रिदो म्हणाला आणि स्वतःची खुर्ची त्याला देऊन दुसरी ओढायला गेला.

आब्दोन बसला. त्याला बोलायची सवय नसावी, कारण सुरुवात त्याने मीठदाणीशी बोलल्यासारखी केली. "एका इस्टरला त्या इथे जेवायला आल्या. एकट्याच. खाऊन झाल्यावर मला बाहेर बोलावलं आणि म्हणाल्या, मासा उशिरा घातलास. मी म्हटलं, बाई, मी पंचवीस वर्षं घालतोय. म्हणाल्या, पंचवीस वर्षं उशिरा घातलास. पुढच्या गुरुवारी पुन्हा आल्या. मग दर गुरुवारी."

"गुरुवारी ती चर्चमध्ये माळ जपायला जायची," तार्हेलिया म्हणाली.

"इथे पत्ते खेळायची. मला हरवायची."

सालोमेने ओठ दाबून धरले. इपातियाने दाबले नाहीत.

"म्हणजे तुम्ही आणि आई…" विल्फ्रिदोने सुरुवात केली आणि वाक्याचं पुढे काय करावं ते त्याला कळेना.

"ती म्हणायची, या वयात लोक फार प्रश्न विचारतात," आब्दोन म्हणाला आणि तेवढ्यावरच थांबला. विल्फ्रिदोने मान हलवली, जणू त्याला पूर्ण उत्तर मिळालं होतं.

"पण फानेस्का?" सालोमेने विचारलं. "कृती आजीची की तुमची?"

"आता कोण सांगणार? शेंगदाणे तिचे. संत्र्याचं पान माझं. मासा तिने सांगितला तसा."

"आणि गाठी?"

"मला गोल गोळे कधी वळताच आले नाहीत. म्हणून गाठ मारून टाकतो."

विल्फ्रिदोने हातातली गाठ पाहिली. पन्नाशी उलटल्यावरही दरवर्षी ज्या प्रवचनावर त्याने आमेन म्हटलं होतं, ते असं संपलं. त्याने ती गाठ खाऊन टाकली.

"तिचे हात गेले होते," आब्दोन पुढे म्हणाला. "बोटं मिटत नव्हती. हाबा सोलायला बसायची, चार सोलून व्हायचे की थांबायची. ढवळायलाही थोडी ती, थोडा मी. शेवटची पाच वर्षं तुमच्या घरी जी गेली, ती इथलीच. मीच टॅक्सीने पोचवायचो, मागच्या दाराने."

"दोघांच्या हाताने ढवळलेली?" तार्हेलियाने विचारलं.

"फाटली होती का कधी?"

तिच्या डोक्यात दुसराच हिशेब चालला होता, आणि तिचा चेहरा इतका उतरला की इपातिया खुर्चीतून अर्धी उठली.

"पण दार बंद असायचं," तार्हेलिया म्हणाली. "पवित्र गुरुवारी सकाळपासून. आत ती असायची. मी स्वतः ऐकलंय. माळ जपत असायची."

"रेडिओ," आब्दोन म्हणाला. "सकाळी प्रार्थना लागते ती. दार आतून लावायची, रेडिओ मोठा करून ठेवायची आणि मागून निघायची. म्हणायची, बाकी कुणाची भीती नाही, पण थोरली आत आली तर चूल थंड आहे हे तिला एका नजरेत कळेल."

इपातिया हसली, सालोमेही. विल्फ्रिदो हसणार होता, पण त्याने न्यान्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू विरून गेलं.

तार्हेलियाला समोर तो जुना जिना दिसत होता आणि स्वयंपाकघराचं हिरवं दार. आईच्या शेवटच्या इस्टरची गोष्ट. त्याच्या आठवडाभर आधी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. तार्हेलिया म्हणत होती, हे घर सोड आणि माझ्याकडे चल. आई ऐकेना. तेव्हा तार्हेलिया बोलून गेली होती, "तुला स्वतःच्या ब्लाउजची बटणं लावता येत नाहीत, आणि म्हणे माझं मी बघेन." आईने नंतर तिच्याशी बोलणं टाकलं. गुरुवारी सकाळी ती त्या बंद दाराशी गेली. आतून प्रार्थनेचा आवाज येत होता. तिने दाराला कपाळ टेकून सांगितलं, आई, चुकलं माझं, मी असं बोलायला नको होतं. आतून काही उत्तर आलं नाही. प्रार्थना चालूच राहिली. ती खूप वेळ उभी होती. दुपारी आईने नेहमीसारखा पहिला वाडगा तिलाच दिला, पण त्या गोष्टीवर एक शब्द काढला नाही. पुन्हा तोंडावर माफी मागायचं तार्हेलियाला धैर्य झालं नाही, आणि तीन आठवड्यांनी आई गेली. आईने ऐकलं आणि माफ केलं नाही, हेच मनात धरून ती इतकी वर्षं जगली. भांडं फाटत होतं, ते त्याचमुळे, असं तिने ठरवून टाकलं होतं.

आणि आत कुणी नव्हतंच.

"न्यान्या, काय झालं?" इपातियाने विचारलं.

मग तार्हेलियाने सांगितलं. सगळं नाही, पण दार, कपाळ आणि रेडिओ एवढं सांगितलं. सांगताना तिचा आवाज शाळेत धडा वाचल्यासारखा सरळ होता, त्यामुळे ऐकणाऱ्यांना जास्त त्रास झाला.

"मी रेडिओची माफी मागितली," ती शेवटी म्हणाली. "आणि तो बोलला नाही म्हणून चार वर्षं रडले."

इपातियाने तोंडावर हात ठेवला. आपण एक वाक्य बोललो असतो, तर न्यान्याची चार वर्षं वाचली असती, हे तिला तेव्हा कळलं. "मला माहीत नव्हतं गं," ती म्हणाली. "देवाशपथ, हे माहीत असतं तर मी शपथ मोडली असती."

"तू कशी मोडणार? आईची शपथ."

मग तार्हेलिया आब्दोनकडे वळली. जे विचारायचं ते तिला एकदाच विचारायचं होतं. "त्या दिवशी ती इथे होती. काही बोलली का? माझ्याबद्दल?"

आब्दोनने भुवया आकसल्या. त्याला ते आठवायला वेळ लागला नाही, सांगावं की नाही यातच वेळ गेला.

"रागात आली होती. म्हणाली, माझ्या पोरीने मला काय सांगितलं माहितेय? मला बटणं लावता येत नाहीत. सकाळभर धुसफुसत होती. हाबा सोलायच्या ऐवजी चिरडत होती. मी गप्प बसलो. मग निघायच्या वेळी तिने स्वेटर घातला आणि तिथे, त्या खिळ्यापाशी, तशीच उभी राहिली. मी म्हटलं, टॅक्सी थांबलीय. तर म्हणाली, ये, लाव बाबा. पोरीचं खरंय."

तार्हेलियाने त्या खिळ्याकडे पाहिलं.

"मी लावली बटणं," आब्दोन म्हणाला. "म्हटलं, मग तिला सांग तसं. तर म्हणाली, सांगेन की. पण आज नाही. आज फानेस्का आहे, आज मी मोठी."

तार्हेलियाच्या तोंडून एक आवाज निघाला. विल्फ्रिदोला आधी वाटलं ती रडतेय, मग दिसलं की ती हसतेय, आणि नीट पाहिलं तर दोन्ही चाललं होतं. आज मी मोठी. हे आईचंच वाक्य होतं, ते कुणाला रचता आलं नसतं.

"वाडगे गार झाले," आब्दोन उठत म्हणाला. "दुसरे आणतो."

"आणा," तार्हेलिया म्हणाली. "आणि माझ्यात गाठी जास्त घाला."

तो आत गेला. शेजारच्या टेबलावर कुणीतरी अंजीर मागवत होतं, आणि खिडकीबाहेर ढग उतरून चढ निम्मा दिसेनासा झाला होता. तार्हेलियाने पर्सखालून दोन्ही हात काढले आणि टेबलावर ठेवले. सुजलेले, बोटं अर्धी वळलेली. इपातियाने ते पाहिले आणि पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं, की तीन वर्षं ते भांडं कसं ढवळलं गेलं असेल.

"इपा," तार्हेलिया म्हणाली. "इकडे ये. हा कोट काढायचाय."

इपातिया टेबलाला वळसा घालून आली आणि तिच्यासमोर वाकली.

"सगळी काढ," तार्हेलिया म्हणाली आणि हनुवटी वर करून लहान मुलीसारखी बसून राहिली. "माझी बोटं ऐकत नाहीत."